वरचा डावा

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी एका सुळ्याचं टोक घासत होतो. "जरा दवाखान्यात येऊन जाता का?" ते म्हणाले. दातांचे डॉक्टर आमच्यासारख्या लॅबवाल्यांना सहसा बोलवत नाहीत. ते तोंडाचं माप पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओतून साचा काढतो, साच्यावर दात करून पाठवतो, आणि काही बिनसलं की दात डबीतून परत येतात, सोबत चिठ्ठी : उंच झालाय, पिवळा दिसतो, कमी करा. तोंड आम्हाला कधी दिसत नाही. ज्यांचे दात मी केले अशी शेकडो माणसं ह्या शहरात हसत-जेवत असतील, त्यातलं एकही मला रस्त्यात ओळखता येणार नाही. "काय बिघडलंय?" मी विचारलं. "बिघडलं काहीच नाही, काम सुंदर आहे," डॉक्टर म्हणाले, "पण बाई म्हणतायत, हे माझे दात नाहीत. आणि मला वाटतं, त्यांचं बरोबर आहे." इतक्या वर्षांत माझ्या कामाला लोकांनी नाना नावं ठेवली, एकदा एका आजोबांनी मी केलेली कवळी डॉक्टरांच्या अंगावर फेकली होती, पण दुसऱ्याचे दात म्हणून कुणी काही परत केलं नव्हतं. मी एप्रन काढला, नखांतलं प्लास्टर निघेल तेवढं काढलं आणि निघालो.

खुर्चीत बसलेल्या बाई गाणं शिकवत. जिन्यावरून पडून त्यांचे वरचे पुढचे चार दात गेले होते, मधले मोठे दोन आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचे लहान दोन. मी चौघांचा मिळून एकच जोड केला होता, आणि डॉक्टरांनी तो कायमचा न चिकटवता नुसता बसवून बाईंना वापरून बघायला सांगितलं होतं. मी आत गेलो तशा बाई माझ्याकडे बघून हसल्या, आणि मी दारातच थांबलो. तीन दात सरळ उभे होते. चौथा, वरचा डावा लहान दात, जरासा वळून शेजारच्या मोठ्या दातावर चढला होता, भरलेल्या बाकावर एखाद्यानं खांदा पुढे काढून बसावं तसा. तो दात माझ्या ओळखीचा होता. सकाळी उठल्यावर तोंड धुताना, भांडताना, झोपेत तोंड अर्धवट उघडं राहिल्यावर मी तो बघितला होता. माझ्या बायकोचा दात एका परक्या बाईच्या तोंडात बसून माझ्याकडे बघत होता. "दिसतात छान हो," बाई म्हणाल्या, "माझ्या शिष्या तर म्हणतात, बाई तुम्ही तरुण झालात. पण आरशात हसले की वाटतं, दुसरीच कुणीतरी हसतेय. माझे सरळ होते. मी फोटो दिला होता तुम्हाला." दिला होता. तो माझ्या टेबलावर दिव्याच्या दांडीला चिकटवलेला होता, आणि दात करायला लागले ते चारही दिवस मी त्याच्याकडे बघत चिनीमातीच्या पावडरचे थर चढवत होतो. निदान डोळे तरी तिकडे होते. "कुणाचे आहेत हे?" बाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, वाट चुकून आलेल्या माणसाला विचारावं तशा विचारत होत्या. मी म्हणालो, "तीन तुमचेच आहेत. हा एक माझ्या बायकोचा आहे." डॉक्टरांना ती चेष्टा वाटली, ते मोठ्यानं हसले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हातमोजे काढायच्या निमित्तानं पाठ वळवली.

बाईंनी जिभेनं तो दात चाचपून बघितला. "मग त्या रागावतील की." मी म्हटलं, ती इथे नसते. "माहेरी?" नाही, परदेशात. "आणि तुम्ही?" ह्या प्रश्नाचं उत्तर देण्यात मी आता पटाईत झालोय. कागद अडकलेत, एवढं म्हटलं की लोक मान डोलवतात, त्यांच्या भाच्याचे किंवा शेजाऱ्याचे कसे अडकले होते ते सांगतात आणि होईल होईल म्हणून माझ्या पाठीवर थाप मारतात. बाईंनी ह्यातलं काही केलं नाही. त्या म्हणाल्या, "मग आजचा दिवस राहू द्या माझ्या तोंडात. मला काही घाई नाही. उद्या काढतील डॉक्टर." मला आभार मानायला हवे होते. मी "बरं" म्हणालो. दारातून मागे वळून बघितलं तेव्हा त्या पुन्हा हसल्या, आणि त्या हसण्यात काहीतरी खटकलं. दात तोच होता, चढला होता तसाच, तरी कुठेतरी चुकलं होतं. तोंड दुसरं आहे, ओठ जाड आहेत, म्हणून असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि रस्त्याला लागलो.

दुपारचं ऊन होतं आणि फुटपाथ खणून ठेवला होता. मी रस्त्याच्या कडेनं चालत होतो आणि मला लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली काहीतरी बरंही वाटत होतं. वाटत होतं, बघा, माझ्या हाताला ती पाठ आहे. डोक्याला काही कळायच्या आत हातानं तिला करून ठेवली. आम्हाला पहिल्यांदा एकमेकांसमोर बसवलं तेव्हाही मी तिच्या तोंडाकडेच बघत होतो. ह्या धंद्यातल्या माणसाला ती खोड असते, समोरचा बोलत असतो आणि आपण त्याच्या चावण्याची उंची मोजत असतो. बाकीचे चहाला उठले तशी ती म्हणाली, "बैल विकत घेताना दात बघतात, तसं बघताय." मी इतका खजील झालो की खरं बोलून गेलो. म्हणालो, तुमचा एक दात चढलाय, हल्ली तो सरळ करता येतो. "मग मी हसल्यावर लोक कशाकडे बघतील?" ती म्हणाली, आणि हसली, आणि मी बघितलं. ती दवाखान्यात रक्त काढायचं काम करायची. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांध, शीर शोध, सुई घाल. घाबरलेल्यांना ती घरच्या भाजीबद्दल विचारायची आणि त्यांचं उत्तर संपायच्या आत तिचं काम झालेलं असायचं. मी तिला सुई म्हणायचो, ती मला दातोबा. सासरे म्हणायचे, एक रक्त काढते, दुसरा दात बसवतो, हे घर आहे की राक्षसांचं बिऱ्हाड. ते हा विनोद दर वेळी नव्यानं सुचल्यासारखा करायचे आणि आम्ही दर वेळी हसायचो. तिकडच्या एका मोठ्या रुग्णालयात तिच्या हाताला मागणी आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला होता, हे मी आता कुणाला सांगत नाही. ती पुढे जाईल, बस्तान बसवेल, मागोमाग मी. दात काय, जगात सगळीकडे पडतात.

मागोमाग. ह्या शब्दाला आता तिसरं वर्ष लागलंय. पहिल्या वर्षी सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की लॅबच्या मालकांनी माझा निरोपसमारंभ करून टाकला. दोन भाषणं झाली, माझ्या हातांचं कौतुक झालं, सगळ्यांनी मिळून मला विमानात मानेखाली घ्यायची उशी भेट दिली. पुढच्या आठवड्यात मंजुरीचं पत्र येणार होतं. पत्र आलं नाही, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात मी खाली मान घालून कामावर हजर झालो. माझं टेबल तोवर दुसऱ्याला दिलं होतं. मला खिडकीजवळचं मिळालं, तिथे उजेड चांगला आहे, रंग जुळवायला बरा, असं म्हणून मालकांनी माझी लाज राखली. तेव्हापासून मी लॅबमध्ये पाहुण्यासारखा आहे. मोठी, चार-सहा महिने चालणारी कामं मला देत नाहीत. "तुम्ही काय, आज आहात उद्या नाही," म्हणतात. उशी आई वापरते. ती मानेत अडकवून टीव्ही बघते आणि म्हणते, विमानात न बसताच सोय झाली. संगणकावर माझ्या व्हिसाच्या अर्जाचा नंबर टाकला की एकच वाक्य येतं, आपला अर्ज तपासणीत आहे. सुरुवातीला मी ते दिवसातून दहादा बघायचो. मग सकाळ-संध्याकाळ, मग नुसतं सकाळी. हल्ली दात घासायच्या आधी बघतो. त्या वाक्यात कधी एखादा शब्द बदलेल अशी आशा सुटली तरी हात जातोच. माझी वैद्यकीय तपासणी एकदा जुनी होऊन बाद झाली, मी पुन्हा छाती दाखवून आलो. पोलिसांचा दाखला बाद झाला, तोही पुन्हा आणला. थंडीचा कोट घेऊन ठेवला होता, त्याची बटणं आता लागत नाहीत. पाहुणा म्हणून भेटून येऊ म्हटलं तर तेही जमत नाही, कारण ज्याचा कायमचा अर्ज पडून आहे तो पाहुणा म्हणून गेला तर परतणार नाही अशी त्यांना शंका असते. आणि तिला येता येत नाही, कारण तिचा स्वतःचा तिथे राहायचा परवाना नवा व्हायला टाकलाय. तो हातात पडायच्या आधी बाहेर पाऊल टाकलं तर पुन्हा आत घेणार नाहीत. दोघांनाही कुणी अडवलेलं नाही, दोघांनाही फक्त थांबायला सांगितलंय.

मधे एकदा मुलाखतीला बोलावलं होतं. काचेपलीकडे एक बाई होती, तरुण, सर्दी झालेली. लग्न खरं आहे की कागदापुरतं, हे तिला ठरवायचं होतं. आम्ही फोटोंचा गठ्ठा दिलेला होताच. त्यासाठी आम्ही जुने सगळे फोटो उपसले होते आणि लक्षात आलं होतं की दोघं एकत्र असलेले फोटो फारसे नाहीतच, कारण घरात दोघंच होतो आणि एकजण फोटो काढायचा. "पत्नीचं वर्णन करा," बाई म्हणाली. मी म्हणालो, "वरचा डावा दुसरा दात वळून मधल्या मोठ्या दातावर चढलाय. सुळे लहान आहेत. खालच्या दाढेत चांदी भरलीय." तिची टाइप करणारी बोटं थांबली. "उंची?" तिनं विचारलं. उंची मला सांगता येईना. मी उभा राहिलो आणि खांद्याला हात लावून दाखवला. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आईनं कपाळाला हात लावला. म्हणाली, "गोरी आहे, उंच आहे, स्वभावानं चांगली आहे, असं म्हणायचं सोडून दाढा काय सांगत बसलास? गिऱ्हाईक आहे का ती?" त्यानंतर ते वाक्य बदललं होतं. बरोबर एकदा. आपला अर्ज अधिक तपासणीत आहे, असं झालं होतं. आई अजून माझ्या दाढांना दोष देते.

ह्या सगळ्यात आमचं भांडण कधी झालं नाही, आणि मला वाटतं तिथेच काहीतरी गेलं. ती इथे होती तेव्हा आम्ही गिझर चालू राहिला म्हणून, ओला टॉवेल गादीवर पडला म्हणून, माझ्या आईला कोण काय म्हणालं म्हणून कडाकडा भांडायचो. आता फोनवर एकमेकांशी किती जपून बोलतो. जेवलास का. जेवलो. तू? आत्ता जेवेन. थंडी आहे का. आहे. जप हं. दूरच्या नातेवाइकांना विचारावं तसं सगळं विचारून होतं, मग पडद्यावर एकमेकांचे कान किंवा छत बघत राहतो. ती थकलेली असते हे मला कळतं, म्हणून मी माझं रडगाणं लावत नाही. मी एकटा आहे हे तिला कळतं, म्हणून ती तिथल्या गमती सांगते. महिन्यापूर्वी तिनं सांगितलं की रुग्णालयानं नवा करार पुढे केलाय. सही केली तर नोकरी पक्की होणार, माझा अर्जही जिवंत राहणार, पण पुढची तीन वर्षं तिला ती नोकरी सोडता येणार नाही आणि पहिलं वर्ष रजाही नाही. सही केली नाही तर महिनाअखेर ती घरी, आणि माझा अर्ज रद्द, तिकडचं दार दोघांना बंद. ह्या शुक्रवारपर्यंत सांगायचं होतं. "काय करू?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "तू ठरव. तुझं काम आहे, तुझी मेहनत आहे." मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. पुढच्या फोनला तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्यांदा तिनं वेगळ्या तऱ्हेनं विचारलं, "तुला काय वाटतं, मी आले तर?" मी म्हणालो, "आलीस तर चांगलंच आहे, पण मग वाटायला नको की माझ्यासाठी सोडलं." ती म्हणाली, "हं." मी त्या हुंकाराचा पुष्कळ विचार केला. परत ये म्हणणं म्हणजे तिचे पाय ओढणं. राहा म्हणणं म्हणजे मला तू नको आहेस असं सांगणं. ह्या दोन्हीमधल्या जागेत मी उभा राहिलो, तिथे कुणाला धक्का लागत नव्हता. खरं म्हणजे मला ती हवी होती. इतकी हवी होती की ते तोंडून निघालं तर मला आवरणार नाही अशी भीती वाटायची.

त्या दिवशी मी संध्याकाळी लवकर घरी आलो. गुरुवार होता. आई स्वयंपाकघरात ताटं काढत होती, कवळी काढून वाटीत ठेवलेली. ती कवळी मीच केलीय आणि माझ्या सगळ्या कामात ती उत्तम आहे, पण आईच्या मते ती चारचौघांत बोलायला ठीक, जेवायला निरुपयोगी. मी तिला दवाखान्यातली गोष्ट सांगितली. मला वाटलं ती हसेल. ती पोळपाट पुसत राहिली आणि म्हणाली, "सांग तिला हे. आज सांग." मी म्हटलं, सांगतो की. "आणि त्या कराराचं काय झालं?" मी म्हणालो, तिच्यावर सोपवलंय. आईनं बोळक्या तोंडानं माझ्याकडे बघितलं. "तुझे वडील असेच," ती म्हणाली. "काही विचारलं की, बघ तुझं तू. मला वाटायचं, किती मोकळीक देतो हा माणूस. जन्मभर मी माझं बघितलं." मग तिनं वाटीतली कवळी उचलून तोंडात बसवली आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "भात आत्ता लावू की फोन झाल्यावर?" मी म्हटलं, फोन झाल्यावर.

बायकोची कामाची पाळी पहाटे सुरू होते आणि तिची दुपार म्हणजे माझी संध्याकाळ. ती बसथांब्यावर उभी राहून फोन करते. त्या थांब्याला पाठीमागे काच आहे, काचेपलीकडे एक बंद दुकान आहे, त्याच्या पाटीवरचा एक दिवा कायम लुकलुकतो. तिथे कधी न जाता मला तो थांबा आमच्या कोपऱ्यावरच्या थांब्यापेक्षा जास्त पाठ झालाय. तिनं टोपी कानांवर ओढली होती, नाक लाल होतं. जेवलास का वगैरे झालं. मग मी म्हणालो, "आज एक गंमत झाली," आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांचा फोन, गाणाऱ्या बाई, तीन तुमचे आणि एक माझ्या बायकोचा. ती हळूहळू हसायला लागली. खूप दिवसांनी मी तिचं असं हसणं बघत होतो, ओठ मिटून सुरू झालेलं आणि मग न आवरता उघडलेलं. "माझा दात?" ती म्हणाली. "अरे वेड्या. खरंच? त्या बाईंच्या तोंडात?" मी म्हणालो, हो. आज रात्रीपुरता त्यांनी ठेवून घेतलाय. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, वाऱ्यानं असेल किंवा नसेल. "दातोबा," ती म्हणाली. हे नाव मी किती महिन्यांनी ऐकत होतो. मला वाटलं, आता सगळं ठीक होईल. मी फुशारकीनं म्हणालो, "अगदी हुबेहूब. वरचा डावा, दुसरा. डोळे मिटून करून देईन."

ती हसायची थांबली नाही, पण हसणं तिथल्या तिथे राहिलं. "डावा?" ती म्हणाली. "हो." "अरे, माझा उजवा आहे." मी म्हणालो, छे, डावा. तिनं हातमोजा दातांनी ओढून काढला, बोटानं वरचा ओठ उचलला आणि तोंड फोनजवळ आणलं. पडद्यावर दात आला, वळलेला, शेजारच्यावर चढलेला. तो पडद्याच्या डाव्या बाजूला होता. समोरच्या माणसाचं जे आपल्याला डावीकडे दिसतं ते त्याचं उजवं असतं. आमच्या धंद्यात शिकायला आलेल्याला पहिल्या दिवशी हे सांगतात, आणि तो पहिला महिना ह्यातच चुकत असतो. डावा-उजवा नेहमी तोंडाच्या मालकाचा, बघणाऱ्याचा नाही. मी स्वतः कितीजणांना हे ओरडून शिकवलंय. दुपारी त्या बाईंच्या हसण्यात काय खटकलं ते आता मला कळलं. "राहू दे रे," ती म्हणाली, "दात तर माझाच केलास ना? बाजू चुकली असेल." पण मला माझा हात ठाऊक आहे. जो दात मी माणसाच्या तोंडात बघितलाय, ज्याच्याशेजारी झोपलोय, त्याची बाजू माझा हात चुकणार नाही. बाजू चुकते ती फोटोवरून काम करताना. आमच्या कपाटाच्या दारावर तिचा एक फोटो आहे, त्यात ती हसतेय आणि तो दात डावीकडे आहे, आणि हे सगळे महिने रोज सकाळी ते कपाट उघडताना मी तो बघत आलोय. मी गाणाऱ्या बाईंच्या तोंडात माझी बायको नव्हती बसवली, तो फोटो बसवला होता. त्या काचेपलीकडच्या सर्दीवाल्या बाईसमोरही मी डावाच म्हणालो होतो. म्हणजे तेव्हाच तिची आठवण झिजून गेली होती आणि तिच्या जागी कागद आला होता, आणि मला पत्ता नव्हता. मी एका भलत्याच बायकोचं वर्णन करून, खांद्याला हात लावून घरी आलो होतो. दुपारपासून ज्याचा मला लपून अभिमान वाटत होता ते हेच होतं. मी पलंगाच्या कडेवर बसलो. बाहेर आईनं टीव्हीचा आवाज बारीक केला.

"काय झालं?" ती विचारत होती. "अरे, एवढं काय? बोल ना." मला घाबरायला झालं होतं. तीन वर्षं आणखी म्हणजे काय, हे मला तोवर कळलंच नव्हतं. मला वाटत होतं, आपण थांबलोय म्हणजे सगळं आहे तसं ठेवलेलं आहे, ती तिथे, मी इथे, आणि ज्या दिवशी पत्र येईल त्या दिवशी जिथे सोडलं तिथून उचलायचं. पण ठेवलेलं काही राहत नाही. आणखी तीन वर्षांनी विमानतळावर जी बाई माझ्यासमोर येईल तिला मी कपाटावरच्या फोटोशी ताडून बघणार होतो. "ये," मी म्हणालो. "काय?" "परत ये. सही करू नकोस. अर्ज रद्द झाला तर होऊ दे. मला तू इथे हवी आहेस. मला नाही राहवत." माझा आवाज भलताच निघाला, पण शब्द स्पष्ट होते. मला वाटलं, फोन अडकला, कारण ती हलत नव्हती. फक्त तिच्या मागच्या काचेत तो दिवा लुकलुकत होता, म्हणून कळलं की अडकलेला नाही.

"मी काल सही केली," ती म्हणाली. मी म्हणालो, शुक्रवार उद्या आहे. "हो. पण काल रुग्णालयाच्या ऑफिसातल्या बाई कागद घेऊन फिरत होत्या, सगळ्यांच्या सह्या घेत होत्या. मला वाटलं, उद्यापर्यंत थांबून काय होणार आहे. तू म्हणशील, तू ठरव. मग मी ठरवलं." ती रागानं बोलत नव्हती. तिच्या पेशंटांशी बोलत असेल तशा शांत, खालच्या सुरात बोलत होती, सुई आत गेल्यानंतरच्या. "महिनाभर वाट बघितली रे मी," ती म्हणाली. "प्रत्येक फोनला. मला वाटायचं, आज ओरडेल. आज म्हणेल, बस झालं, नीघ तिथून. मला ते ऐकायचं होतं, मग मी आले असते की राहिले असते कोण जाणे, पण ऐकायचं होतं. मला तर वाटायला लागलं होतं की ह्याला आता सवय झाली." मी म्हणालो, "नाही झाली." "कळलं आता." मी विचारलं, काही करता येईल का, त्या बाईंना सांगून, उद्यापर्यंत मुदत आहे म्हणून. ती नाही म्हणाली. कागद कालच वर गेलेत, आता सोडलं तर पुन्हा कधीच नाही, आणि तिच्यासोबत आणखी दोघींचा परवाना त्याच यादीत आहे. तिनं हे सगळं मला नीट समजावून सांगितलं आणि मी ऐकत राहिलो. मी रडत होतो, ते तिला दिसत होतं. इतकी वर्षं आम्ही एकमेकांपासून जे जपून लपवलं ते आता आरामात दिसत होतं.

"मग आता काय उपयोग," मी म्हणालो. "उपयोग नाही," ती म्हणाली. तिनं नाक पुसलं आणि फोन अगदी जवळ धरला, इतका की चेहरा मावेना, नुसतं तोंड आणि एक डोळा. "पण परत एकदा म्हण."

"काय?"

"तेच. मघाशी म्हणालास ते."

"ये," मी म्हणालो.

"परत."

"ये."

तिनं फोन जरा लांब धरला तेव्हा तिच्या मागच्या काचेत बस येऊन उभी राहिलेली दिसली. दार उघडलं, दोन-तीन माणसं चढली, ड्रायव्हरनं तिच्याकडे बघून थोडा वेळ थांबून पाहिलं आणि दार लावून घेतलं. तिनं तिकडे बघितलंसुद्धा नाही. पुढची बस यायला वेळ होता, म्हणून मी म्हणत राहिलो.